भाडोत्री शिपायाचा दगड

दगड पळून जाईल म्हणून त्याच्याभोवती दोरी बांधलेली मी आयुष्यात एकदाच पाहिली, ती आयर्लंडमध्ये. एनिस गावाच्या बाहेर, आमच्या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, एक जुनी दफनभूमी आहे. तिथे पुरुषभर लांबीची एक शिळा आडवी पडली आहे. तिच्यावर डोक्यापासून पायापर्यंत एक तलवार कोरलेली, आणि कोपऱ्यात शीड गुंडाळलेली होडी. बाकी सगळं शेवाळानं खाल्लेलं. चार खुंट्या, निळी दोरी आणि हात लावू नये अशी पाटी.

आमच्या गावात असे वीरगळ चार होते. एकाला म्हैस बांधायचे, एकावर बायका गोधड्या आपटायच्या, आणि उरलेल्या दोघांवर म्हातारे बसून तंबाखू मळायचे. त्यातला कुठला वीर कधी रागावल्याचं ऐकलं नाही. मेलेल्या माणसाला काय लागतं, बसायला सोबत मिळाली तर बरंच.

माझा मुलगा तिकडे सरकारी दवाखान्यात डॉक्टर होता आणि सून शॅननला कॉम्प्युटरच्या कामाला जायची. नवरा गेल्यावर मुलानं मला नेलं. मी एकटी पडू नये म्हणून नेलं असं तो सांगतो. तिकडे दिवसभर मी एकटीच असायचे, पण ते त्याला दिसायचं नाही कारण तोही घरी नसायचा. दोन हजार दोन ते सात मी तिथे होते.

शेजारच्या बैठ्या घरात एक म्हातारी राहायची. ती मूळची स्कॉटलंडची. नवरा इथला, तो मरून बरीच वर्षं झाली होती, आणि मूलबाळ नव्हतं. नवऱ्याचा एक पुतण्या होता, साठीचा, गाई पाळणारा. तो तिला लाकडं फोडून द्यायचा आणि शिव्या खाऊन जायचा.

आमची ओळख बोंबलांनी करून दिली. गावाकडून कोणी येणार असलं की मी सुके बोंबील मागवायचे. ते भाजले की सून घरातल्या सगळ्या खिडक्या उघडायची, आणि खिडक्या उघडलेल्या बघून म्हातारी कुंपणाशी यायची.

"काय जाळतेस?"

"मासा."

"मग मला हाक कोण मारणार?"

हे बोलणं मी मराठीत लिहिते आहे. तिथे ते माझ्या चौथी पास इंग्रजीत आणि तिच्या स्कॉटिश इंग्रजीत झालं, जी कळायला दुकानदारालाही दोनदा विचारावं लागायचं. मला न कळल्याचं वाईट वाटायचं काही कारण नव्हतं. ती मला मिसेस म्हणायची, मी तिला बाई म्हणायचे. नुसत्या हातानं बोंबील खायची, काट्यासकट.

तिची आई बंदराबंदरानं फिरून हेरिंग नावाचा मासा चिरायची. मिठानं बोटं फाटतात म्हणून सगळ्याजणी पिठाच्या पोत्यांच्या चिंध्या बोटांना गुंडाळून दोऱ्यानं बांधायच्या, आणि दोऱ्याची गाठ दातानं मारायच्या. म्हातारीनं मला एकदा माझ्याच ओट्यावर ते करून दाखवलं. एक बोट गुंडाळायला तिला पापणी लवायचाही वेळ लागला नाही. तिचा नवरा तरुणपणी स्कॉटलंडात धरणाचे बोगदे खणायला गेला होता, आणि ही तिथल्या मजुरांच्या खानावळीत वाढपी होती. तिथे जमलं. हे मी सांगितलं तेव्हा सून म्हणाली, "किती रोमँटिक ना आई." बोगद्यात गुडघाभर पाण्यात उभं राहिलेल्या माणसाला गरम सूप देणारी बाई आवडणारच. त्याला रोमँटिक म्हणायला दुपारी जेवलेलं असावं लागतं.

एका उन्हाळ्यात मुलानं आम्हाला गाडी बोटीत घालून स्कॉटलंड दाखवायला नेलं. मला विचाराल तर तिकडे नेण्यासारखं एकच ठिकाण होतं आणि ते त्याच्या यादीत नव्हतं. एका मोठ्या किल्ल्यावर गेलो. वर गाडी जाते, चहाचं दुकान आहे, आणि रोज दुपारी एक तोफ उडवतात, कोणाला मारायचं नसताना. सगळे दचकतात आणि मग टाळ्या वाजवतात. पुढे एका दुकानात आडनाव सांगितलं की त्या घराण्याचं चौकड्यांचं कापड काढून देत होते. मुलानं गंमत म्हणून आमचं आडनाव सांगितलं. दुकानदाराचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. "तुमचं नाही," म्हणाला, "पण ज्यांचं नसतं त्यांच्यासाठी वेगळं आहे." आणि माझ्या डॉक्टर झालेल्या मुलानं त्याचा मफलर विकत घेतला. नंतर एक तळं. त्यात राक्षस आहे म्हणून लोक काठावर भिजत उभे होते. राक्षसाला अक्कल होती, तो पावसात बाहेर आला नाही.

"आता धरण," मी म्हणाले.

"आई, धरणं काय आपल्याकडे कमी आहेत?"

"म्हातारीनं सांगितलंय. तिच्या नवऱ्यानं खणलेलं आहे ते."

तोंड वाकडं करून त्यानं नेलं. तिथे माशांना वर चढायला पाण्याच्या पायऱ्या केल्या होत्या, आणि मासे चढताना बघायला काच बसवली होती. किती मासे चढले त्याचा आकडा लावला होता. इंजिनिअरचं नाव होतं, उद्घाटन कोणी केलं ते होतं. खणणाऱ्यांबद्दल अक्षर नाही. परत येऊन मी म्हातारीला ते सांगितलं.

ती म्हणाली, "असेल कसं? मासे मोजायला माणूस ठेवलाय. आम्हाला मोजायला नव्हता."

तर त्या तलवारीच्या शिळेचं. गावात एक वारसा समिती होती आणि तिचा अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडमास्तर. सगळे त्याला मास्तरच म्हणायचे. लोकरी कोट, हातात छत्री, आणि वाक्य संपलं की टाळ्यांसाठी थांबायची सवय. अर्ध्या गावाला त्यानं शिकवलेलं आणि उरलेल्या अर्ध्यांच्या बापांना छड्या मारलेल्या. साठ वर्षांचे बापे रस्त्यात त्याला बघून खिशातले हात बाहेर काढायचे.

ह्या मास्तरनं शोध लावला की तलवारीखाली स्कॉटलंडचा एक योद्धा झोपला आहे. पूर्वी तिकडच्या बेटांवरून असे लढवय्ये यायचे आणि इथल्या सरदारांच्या पदरी राहायचे. त्याचं त्यानं हॉलमध्ये भाषण ठेवलं. सून मला घेऊन गेली, कारण शेवटी चहा आणि केक होता. तास झाला तरी योद्धा होडीतून उतरला नव्हता.

मी सुनेला म्हटलं, "विचार त्याला, ह्या शिपायांना पगार काय होता?"

तिनं लाजत विचारलं. मास्तर खूश झाला. म्हणाला, गाई मिळायच्या. आणि ते लोकांच्या घरी राहायचे, घराघरातून त्यांना पीठ आणि लोणी द्यावं लागायचं.

"म्हणजे पुंड की," मी म्हणाले. "भाड्याचे पुंड. सांग त्याला."

"आई, गप्प बसा ना. लोक बघताहेत."

"बघू देत. त्यांच्याच आज्यांचं लोणी खाल्लं मेल्यांनी, आणि हे टाळ्या वाजवतात."

तिनं काही सांगितलं नाही. केक बरा होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दोरी आली. स्कॉटलंडहून जाणते लोक शिळा बघायला येणार होते, आणि ते येईपर्यंत तिच्या आसपास कोणी माती हलवायची नाही असं मास्तरनं जाहीर केलं. दोरीच्या आत शिळा होती, आणि शिळेच्या अगदी बगलेला म्हातारीच्या नवऱ्याची कबर.

त्याच हिवाळ्यात म्हातारीला पोटाचा आजार निघाला. शेवटचा होता. मुलानं कागद बघून मला सांगितलं. तिला विचारलं तर म्हणायची, "ग्रँड." म्हणजे झकास. तिकडे सगळ्याला ग्रँडच म्हणतात. मरणालाही.

तिकडे नवरा-बायकोला एकाच खड्ड्यात, एकावर एक ठेवतात. मला हे नवीन होतं. मी विचारलं, "एकावर एक? वर कोण?"

"जो नंतर मरेल तो. जन्मभर तो माझ्या उरावर बसला, मिसेस. आता माझी पाळी."

तिला दुसरं काहीच नको होतं. फुलं नकोत, भाषण नको. आईबाप जिथे पुरले ते गाव तिनं सोडलेलं, पोर नाही, भावंडं गेलेली. जगात तिची म्हणून जागा तेवढी एक. ती काठी टेकत मास्तरकडे गेली आणि परत येऊन माझ्या स्वयंपाकघरात बसली. तोंड पांढरं पडलं होतं, पण ते चालण्यानंही असेल.

"काय म्हणाला?"

"नवीन दफनभूमीत जा म्हणाला. छान आहे म्हणे. गाड्या लावायला जागा आहे."

"तुझ्याकडे गाडी आहे?"

"सायकलसुद्धा नाही."

दोघी हसलो. मग ती हसायची थांबली. म्हणाली, "स्कॉटलंडचा आहे म्हणून त्याला दोरी बांधली. आणि मी कुठली आहे?"

मुलाला मी दफनभूमी बघणाऱ्या सरकारी कचेरीत फोन करायला लावला. तिथल्या माणसानं सांगितलं की ज्याची कबर आहे त्याच्या घरच्यांचा हक्क आहे, समितीनं फक्त विनंती केली आहे. म्हणजे अडवणारा कायदा नव्हता. अडवणारी ती छडी होती, पन्नास वर्षांपूर्वीची. मी पुतण्याला हे सांगितलं, तर तो मान खाली घालून म्हणाला, "हो, पण मास्तर म्हणतात थोडं थांबा."

"तुझी काकू थांबणारे का?"

गाईंना पाणी पाजायचंय म्हणून तो गेला.

ती शनिवारी दुपारी गेली. रविवारी तिच्या घरी माणसं जमली. तिकडे मयत घरात ठेवतात, आणि लोक येऊन चहा पितात, सँडविच खातात, मेलेल्याबद्दल गमतीजमती सांगतात. ही एक रीत मला त्यांची पटली. आतल्या खोलीत ती निळ्या झग्यात पडली होती, आणि स्वयंपाकघरात पुतण्या आणि दोन शेजारी चहाचे कप धरून बसले होते. हलत नव्हते.

मी विचारलं, "खड्डा कधी खणणार?" तिकडे खड्डा शेजारपाजारचेच खणतात, हे म्हातारीनं मला सांगितलं होतं.

पुतण्या म्हणाला, "तीच अडचण आहे. उद्या सोमवार."

"मग?"

"सोमवारी कबर उघडत नाहीत. वाईट असतं. सोमवारी खणायची असेल तर आदल्या दिवशी निदान एक ढेकूळ काढून ठेवायचं. म्हणजे ती रविवारी उघडली असं होतं."

"मग आज रविवार आहे. काढ की ढेकूळ."

तिघं एकमेकांकडे बघायला लागले. एक शेजारी म्हणाला, "काढता येईल. पण एकदा उघडली की मग मयत घातल्याशिवाय बुजवता येत नाही. रिकामी बुजवली तर जो बुजवतो त्याच्या घरातलं माणूस जातं. आणि मास्तरनं नाही म्हटलं तर?"

"मास्तरला विचारलं?"

"फोन केला होता. संध्याकाळी बघू म्हणाले."

संध्याकाळी बघू. मी त्या तीन बाप्यांकडे पाहिलं. एकेक हात म्हणजे ओंडका. वासरू उचलून ट्रॅक्टरमध्ये टाकणारे हात, आणि सगळे कपाला धरून बसलेले. मागच्या दाराशी फावडं टेकून ठेवलं होतं. मी ते उचललं आणि चालायला लागले.

माझ्या अंगावर नऊवारी, वर मुलाचा जुना कोट, पायात कापडी बूट. दहा पावलांवर पुतण्या धावत मागे आला.

"मिसेस, थांबा. बायका हे काम करत नाहीत."

"आमच्यात तर मसणात येतसुद्धा नाहीत," मी म्हणाले. आणि ते खरंच होतं. माझ्या नवऱ्याला नेला तेव्हा मी उंबऱ्याच्या आत होते. पुढे काय केलं ते पोरानं सांगितलं तेवढंच.

दोरी ओलांडताना लुगडं अडकलं, ते सोडवलं. नवऱ्याच्या नावाचा लहान दगड होता, त्याच्या पुढ्यात फावडं रोवलं आणि वर पाय दिला. जमीन ओली होती, वांगी लावायच्या वाफ्यापेक्षा मऊ. गवतासकट एक ढेकूळ उचलून बाजूला ठेवलं. एवढंच. पुतण्यानं छातीवर क्रुसाची खूण केली. बाकीचे दोघे फाटकाशी उभे होते आणि दोघांनी टोप्या काढल्या होत्या.

कोणीतरी मास्तरला कळवलंच. तो गाडीतून आला, छत्री उघडली, आणि आधी शिळेकडे गेला. तिला काही झालं नाही ना ते वाकून पाहिलं. मग आमच्याकडे वळला.

"हे कोणी केलं?"

पुतण्यानं खिशातले हात बाहेर काढले.

"मी," मी म्हणाले.

"बाई, तुम्ही पाहुण्या आहात. तुम्हाला इथलं महत्त्व माहीत नाही."

"नाही माहीत. तुम्हाला माहीत आहे. हे घ्या, बुजवा." मी फावडं त्याच्या पुढे धरलं.

त्यानं फावड्याकडे पाहिलं. मग पुतण्याला म्हणाला, "तू बुजव." पुतण्या बुटांकडे बघत राहिला. फाटकाशी उभ्या दोघांकडे त्यानं मान वळवली, तर त्यातला एक पाटी वाचायला लागला. ही फाटकाची मोठी पाटी मास्तरनंच लिहिलेली. तिच्यावर जुन्या समजुती दिल्या होत्या, सोमवारची आणि रिकाम्या कबरीचीसुद्धा, आणि आपले भोळेभाबडे पूर्वज असं मानत, असं खाली लिहिलं होतं. सुनेनं मला पूर्वी वाचून दाखवली होती तेव्हा मी लक्ष दिलं नव्हतं.

"अहो, तुम्ही तर ह्यातलं काही मानत नाही," मी म्हणाले. "चार घमेली माती नाही. एक ढेकूळ आहे. पायानं ढकला."

पाऊस छत्रीवरून टपकत होता. माझ्या डोक्यावर छत्री नव्हती, पण मला घाईही नव्हती. तो पाय त्यानं उचलला नाही. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्याच्या घरी बायको होती, मुलगी बाळंतपणाला आलेली होती. सगळी पुस्तकं वाचून झाली होती आणि आत तोच घाबरट पूर्वज बसला होता. मला दया आली असं म्हणायला हवं. आली नाही.

शेवटी तो पुतण्याला म्हणाला, "रुंद घेऊ नका. शिळेपासून हातभर सोडा." आणि गाडीत बसून गेला.

संध्याकाळी मुलानं माझी खरडपट्टी काढली. "आई, तू परक्या देशात आहेस. पोलीस आले असते."

"आले असते तर घेऊन गेले असते. तिथे हीटर तरी लावतात. तू आठ वाजता बंद करतोस."

सून हसली आणि मग नवऱ्याकडे बघून ताटं उचलायला लागली.

सोमवारी पुतण्यानं खणलं, कोणाला हात लावू दिला नाही. मंगळवारी तिला नेलं. मी खड्ड्याच्या काठाशी उभी होते. खाली, मातीत, नवऱ्याच्या पेटीचं कुजलेलं लाकूड दिसत होतं. पाद्री भराभर बोलला, कारण वारा होता. दोरांवरून पेटी खाली गेली आणि लाकडावर लाकूड टेकल्याचा आवाज आला. पहिलं फावडं पुतण्यानं टाकलं.

त्याच आठवड्यात स्कॉटलंडचे पाहुणे आले. मीही गेले बघायला, घरी काय करायचं होतं. तिघं होते, त्यांतली एक बाई. गुडघ्यावर बसून त्यांनी टेप लावली, भिंगातून तलवार पाहिली, शेवाळ जरासं खरवडून पिशवीत घातलं. मास्तर मध्येमध्ये बोलत होता आणि ते मान डोलवत होते. अजून अभ्यास करावा लागेल असं म्हणाले. उठताना त्या बाईनं बगलेच्या ओल्या मातीच्या ढिगाकडे बोट केलं.

"हे नवीन दिसतंय. कोण आहे?"

मास्तर म्हणाला, "इथलीच एक बाई. स्थानिक."

त्या गावानं तिला चाळीस वर्षं स्कॉटवाली म्हटलं होतं. दुकानात, चर्चमध्ये, दवाखान्याच्या रांगेत, तोंडावर आणि पाठीमागे. मेल्यावर चौथ्या दिवशी ती स्थानिक झाली. पाहुणे जेवायला निघाले. मी भिंतीशी उभी होते आणि शेजारी पुतण्या होता. त्याचे कान लाल झाले होते. तो पुढे व्हायला निघाला, तेव्हा मी त्याची बाही धरली.

"म्हणू दे त्याला काय म्हणायचं ते. ती तिच्या जागी आहे ना?"

"आहे."

"मग झालं. चल, तुझ्या गाई खोळंबल्या असतील."